मागच्या आसनावरील बेफिकिरी

मोटारीत पुढे बसणाऱ्याने पट्टा बांधावा हे आता बहुतेकांनी, दंडाच्या भीतीने का होईना, मान्य केले आहे. मागे बसणारा मात्र स्वतःला कायद्याच्या कक्षेबाहेरचा समजतो. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीनजीक झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेले दोघे दगावले. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर काही आठवडे मागच्या पट्ट्याचीच चर्चा चालली. जणू असा काही नियम अस्तित्वातच नव्हता! वस्तुतः 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 194-बी पुरेसे स्पष्ट आहे. प्रवाशाने पट्टा न बांधल्यास चालकाला हजार रुपये दंड. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने अथवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसल्यास तेवढाच.

‘ज्याचा जीव त्याची मर्जी’ हा युक्तिवाद वरवर उदारमतवादी वाटतो. परंतु धडकेच्या क्षणी मागचा मोकळा प्रवासी पुढच्यावर आदळतो आणि त्याच्याही जिवावर बेततो. शिवाय अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी 1975 मध्ये आणखी एक आक्षेप मांडला होता: सुरक्षित वाटू लागलेला चालक अधिक बेदरकार होतो आणि पादचारी त्याची किंमत मोजतात. चालकापुरता हा वाद चालू राहो. मागच्या आसनावरील बालकाच्या हाती ना चक्र असते, ना मर्जी. त्याच्या बाबतीत दोन्ही युक्तिवाद लंगडे पडतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये पट्टा न बांधलेल्या 16,715 व्यक्ती अपघातांत मरण पावल्या; त्यांपैकी 8,331 प्रवासी होते. तरीही आईची मांडी हेच सर्वांत सुरक्षित आसन, ही समजूत घट्ट आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोचे मूल सुमारे 140 किलो वजनाइतक्या जोराने पुढे खेचले जाते. ही ओढ कोणत्याही मातेच्या हातांना पेलणारी नाही.

अनास्थेचा कळस पुढेच आहे. पट्टा न लावल्यास वाजणारी घंटा गप्प करणाऱ्या कड्या लोक पैसे देऊन विकत घेत होते! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ऑनलाइन दुकानांना त्यांची विक्री बंद करण्याचा आदेश दिला. लाखो रुपयांच्या मोटारीत काही हजारांचे बालआसन नको, पण घंटा बंद करणारी कडी हवी, या हिशेबाला कोणत्याही अर्थशास्त्रात जागा नाही.

अर्थात मोटार हे अद्याप थोड्यांचेच वाहन आहे. कारकून आणि शिक्षक यांची मुले स्कूटरवरच वाढतात. दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला सुरक्षापट्टा व शिरस्त्राण हवे आणि वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असा नियम 2022 मध्ये अधिसूचित झाला. शाळा सुटण्याच्या वेळी कोणत्याही शहरातील चौकात उभे राहिल्यास तो किती पाळला जातो, ते कळते. वाहतूक पोलिसांनी निदान वार्षिक आकडेवारीत मुलांच्या सुरक्षेसंबंधीच्या दंडांची संख्या वेगळी छापावी. ती शून्याच्या आसपास निघाली, तर त्याचा जाब विधिमंडळात विचारता येईल.