साहेब घरात नाहीत, तक्रार माझी आहे

बोरिवलीच्या एका मैत्रिणीकडे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे. ते खपवण्यासाठी कंपनीचा विक्रेता दोनदा घरी आला, चहा प्यायला, 'ताई, मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे' म्हणाला आणि वर्षभराच्या देखभालीचे पैसे आगाऊ घेऊन गेला. चार महिन्यांत यंत्र गळू लागले. तिने फोन लावला. मराठीसाठी हा आकडा दाबा, तक्रारीसाठी तो दाबा, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग संगीत, आणि संगीताच्या मध्ये त्याच कंपनीच्या नव्या यंत्राची जाहिरात! अखेर कळले की मेकॅनिक उद्या दहा ते सहाच्या दरम्यान येईल. ही अंधेरीला नोकरी करते. तसे सांगितल्यावर उत्तर मिळाले, 'मग घरी दुसऱ्या कोणी लेडीज असतीलच ना?' तिने रजा टाकली. मेकॅनिक आला नाही. तिसऱ्या रजेला आला, यंत्र उघडले, खर्चाचा आकडा सांगायची वेळ आली तेव्हा म्हणाला, 'साहेब कधी भेटतील?'

मैत्रिणींनो, यात नवीन काय, असे तुम्ही म्हणाल. नवीन काहीच नाही, म्हणूनच लिहायचे. विकताना 'ताई' आणि तक्रार करताना 'साहेब' ही काही त्या मेकॅनिकची चूक नाही. ती बाजाराची रीत आहे. साबण, मसाले, कुकर, शाळेचा डबा, फरशी पुसायचे औषध, सगळ्या जाहिराती बाईशी बोलतात. तिचे कपडे पुरेसे पांढरे नाहीत, तिच्या मुलाची उंची पुरेशी नाही, तिचा रंग पुरेसा उजळ नाही, हे तिला दिवसभर ऐकवले जाते. पण घेतलेली वस्तू बिघडली की ही बाई अचानक दिसेनाशी होते. तिच्या वेळेला किंमत नाही, कारण ती 'घरीच असते'. तिच्या शब्दाला वजन नाही, कारण 'बिल साहेबांच्या नावावर आहे'. फोन लावणे, पावत्या सांभाळणे, वाट पाहणे, पुन्हा फोन लावणे हे सारे घरकामाच्या यादीत न लिहिलेले आणखी एक बिनपगारी काम आहे. आणि ते कोणाच्या वाट्याला येते, हे सांगायला नको.

फोनच्या पलीकडची मुलगी आपली शत्रू नाही, हेही सांगून ठेवते. तिला समोर लिहून दिलेले वाचायचे असते आणि दर कॉलमागे तिची मिनिटे मोजली जातात. निर्णय घ्यायचा अधिकार तिला दिलेलाच नसतो. राग तिने झेलायचा आणि नफा दुसऱ्याने मोजायचा. आपल्या शिव्या तिच्यापाशीच संपाव्यात, अशीच ही व्यवस्था आहे.

मग पैसा जातो कुठे? मान वर करून बघा. पूर्व द्रुतगती महामार्गाने मुलुंडहून घाटकोपरला या, पश्चिमेच्या महामार्गाने बोरिवलीहून अंधेरीला या. आभाळ कमी आणि फलक जास्त. घाटकोपरला छेडानगरजवळ पेट्रोल पंपाशेजारी असाच एक फलक होता, १२० बाय १२० फुटांचा. महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट. म्हणजे क्षेत्रफळ मर्यादेच्या नऊ पट! जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, त्यामुळे महापालिकेची परवानगी लागत नाही असा युक्तिवाद. १३ मे २०२४ च्या दुपारी वादळ आले आणि तो फलक पंपावर कोसळला. १७ माणसे मेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. मग अटक झाली, तत्कालीन रेल्वे पोलीस आयुक्तांचे निलंबन झाले, न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली गेली. पण तो फलक काही रातोरात उगवला नव्हता. तो रोज हजारो लोकांना दिसत होता. विकण्यासाठी १२० फूट जागा सापडते, ऐकून घेण्यासाठी मात्र वीतभरही सापडत नाही. बोरिवलीचे गळके यंत्र आणि घाटकोपरचा फलक यांत मोठे अंतर आहे, पण मुळाशी हाच एक माज आहे.

'करणार काय?' हा आपला आवडता प्रश्न. याच उपनगरांतल्या बायकांनी त्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. १९७२ मध्ये गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी अन्न महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, रवा, साखर हा राजकारणाचा विषय आहे, हे त्यांनी सरकारला मान्य करायला लावले. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघांमधून शेजारपाजारची कुटुंबे एकत्र यादी करून महिन्याचे वाणसामान घेत आली. एकाही फलकाशिवाय माल घरोघर पोचू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. काळ्या मुलीला नोकरी आणि नवरा मिळत नाही असे सांगणाऱ्या गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींविरुद्ध जनवादी महिला संघटनेने तक्रारी लावून धरल्या, आणि २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला. क्रीम अजून विकले जाते, हे खरे. पण एकटीची कुरकुर आणि संघटनेची तक्रार यांतला फरक त्यातून कळतो.

कायदाही आज आपल्या बाजूने आहे. ग्राहक म्हणजे फक्त पैसे देणारा नव्हे. त्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच, असे १९८६ च्या कायद्यात होते आणि २०१९ च्या कायद्यातही आहे. तेव्हा बिल कोणाच्याही नावावर असो, 'साहेब कुठे आहेत' हा प्रश्न कायद्याला पडत नाही. जिथे आपण राहतो वा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. वकील लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. नको असलेले विक्रीचे फोन १९०९ वर नोंद करून बंद करता येतात, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

कागदावर हे सोपे दिसते. मुलुंडहून दादरला गाडी बदलून वांद्र्याच्या आयोगात तारखेला जाणे, तिथे पुढची तारीख घेऊन परतणे, हे सोपे नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण त्यासाठीही दुपारचे दोन निवांत तास लागतात, आणि तेच आपल्याकडे नसतात. म्हणून एकटीने करू नका. इमारतीतल्या, चाळीतल्या, भिशीतल्या पाचजणींनी महिन्यातून एक दुपार ठरवा. प्रत्येकीने आपली पावती आणि आपले गाऱ्हाणे घेऊन यावे. एकीने लिहावे, एकीने अर्ज भरावा, एकीने पुढच्या तारखेला सोबत जावे. कंपनीला एका बाईला महिनाभर फोनवर ताटकळत ठेवणे परवडते. एकाच वस्तूबद्दल एकाच वस्तीतून पाच अर्ज आले की तेच महागात पडते.

आणि पुढच्या वेळी दारात कोणी विचारले, 'साहेब आहेत का?', तर दार अडवून शांतपणे सांगा : यंत्र मी वापरते, पाणी मी भरते, रजा मी टाकली आहे. बोला, माझ्याशी बोला.