वेगळ्या चुली, सामाईक विहीर

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात दोन गटांची जुंपली की बाहेरून ठरलेला सल्ला येतो: एकत्र या, ताकद वाया घालवू नका. लिनक्सच्या डेस्कटॉपवर नांदणारे केडीई आणि ग्नोम हे दोन प्रकल्प पाव शतकाहून अधिक काळ तो ऐकत आले आहेत. त्यांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. दोघांनी स्पर्धा केली म्हणून वापरणाऱ्याचे फारसे बिघडले नाही. पायाभूत गोष्टी सामाईक ठेवायच्या राहिल्या, तिथे बिघडले.

भांडणाची सुरुवात तत्त्वावरून झाली. मॅथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीईची घोषणा केली. त्याची सारी उभारणी ट्रोलटेक या नॉर्वेच्या कंपनीच्या ‘क्यूटी’वर होती आणि क्यूटीचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता. मुक्त डेस्कटॉपच्या मुळाशी असे सॉफ्टवेअर नको, या आग्रहातून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी ग्नोम सुरू केले. पुढची वर्षे कडाक्याच्या वादाची गेली. पण पर्याय उभा राहू लागला तसा ट्रोलटेकचा परवानाही सैल झाला: १९९९ मध्ये नवा मुक्त परवाना आला, २००० मध्ये जीपीएल. नुसत्या विनवण्यांनी हे इतक्या लवकर घडले असते, असे मला वाटत नाही. पहिल्याच दिवशी सगळे एका झेंड्याखाली आले असते, तर हा दबाव आणला कोणी असता?

त्याच २००० साली ग्नोमच्या हॅवक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप हा मंच सुरू केला. भावाभावांत जमिनीची वाटणी झाली तरी विहीर सामाईक ठेवतात, तशी ही व्यवस्था. तिचे एक साधे फळ म्हणजे कचरापेटी. पुसलेली फाइल एका फोल्डरमध्ये जाते. ती मूळची कुठली आणि कधी पुसली, हे शेजारच्या फोल्डरमधल्या छोट्या नोंदीत लिहिले जाते. नियम दोघांचा एकच, म्हणून केडीईत पुसलेली फाइल ग्नोममधून परत आणता येते. यासाठी स्वतःचे सोडावेही लागते. प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलावे म्हणून केडीईकडे ‘डीकॉप’ ही चांगली चालणारी यंत्रणा होती. तिच्या अनुभवावर बेतलेली सामाईक ‘डी-बस’ आली, तेव्हा २००८ च्या केडीई ४ मध्ये त्यांनी डीकॉप निवृत्त केली.

मराठी वाचकाचा थेट संबंध येतो तो ‘हार्फबझ’शी. ‘धर्म’ टंकताना ‘र’ ‘म’च्या आधी येतो, पण पडद्यावर त्याचा रफार ‘म’च्या डोक्यावर चढवावा लागतो. अशी अक्षरजुळणी करणारा एकाच मुळाचा कोड क्यूटी आणि ग्नोमचे ‘पँगो’ आपापल्या परीने बदलत होते; एकीकडे सुधारलेली चूक दुसरीकडे तशीच राहू शकत होती. दोन्ही प्रवाह हार्फबझमध्ये आणले गेले, बेहदाद एस्फहबोद यांनी ते पुढे नव्याने लिहिले आणि आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस यांतली देवनागरी त्यावरच चालते.

यावर आक्षेप असा, की सामाईक नियम म्हणजे एकाच्या हाती नकाराधिकार. आक्षेपात तथ्य आहे. पटलावरच्या सूचनाचिन्हांसाठी केडीईकडून आलेली पद्धत ग्नोमने स्वीकारली नाही. परिणामी ग्नोम वापरणाऱ्यांना ती चिन्हे दिसण्यासाठी वेगळे एक्स्टेंशन लागते आणि ॲप लिहिणाऱ्यांची ओढाताण होते. पण यावर विलीनीकरण हा उपाय नव्हे. ग्नोमला मोजकेपणा हवा, केडीईला भरपूर पर्याय. दोघांचे वापरकर्ते खरे आहेत, आणि स्वयंसेवकांना हुकूम सोडून एका टेबलाशी बसवता येत नाही. उपाय हा, की जो भाग दोघांच्याही ॲपना लागतो त्याचा आराखडा एकाने पक्का करण्याआधी दुसऱ्याशी बोलावे आणि नकार देणाऱ्याने चालणारा पर्यायही द्यावा.

म्हणून एखाद्या समुदायाची उंची त्याने प्रतिस्पर्ध्याला किती मागे टाकले यावर मोजू नये. प्रतिस्पर्ध्यालाही लागणाऱ्या कोडमध्ये तो किती राबतो, हे पाहावे. ज्या कंपन्या आणि सरकारे या कोडवर आपला कारभार चालवतात, त्यांनीही पैसा ओतताना आधी याच सामाईक भागाकडे पाहावे. तो भक्कम असेल, तर वरच्या मजल्यावर दोघांनी खुशाल भांडावे. त्यात वापरणाऱ्याचा फायदाच आहे.