जानुसंधिगत वात आणि अस्थिछेदन : वैद्याने वेळ ओळखावी

गुडघेदुखीचा एकही रुग्ण आला नाही, असा दिवस आयुर्वेदाच्या चिकित्सालयात क्वचितच जातो. स्नेहन, स्वेदन, जानुबस्ती, बस्तिचिकित्सा आणि गुग्गुळकल्प यांनी अनेकांना उत्तम उपशय मिळतो, हा आपल्या सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. परंतु या रुग्णांमध्ये एक गट असा आहे, की त्याला वर्षानुवर्षे केवळ औषधांवर ठेवणे आमच्या मते योग्य नाही. चाळिशी-पन्नाशीतील, कष्टाची कामे करणारे, ज्यांचा गुडघा प्रामुख्याने आतल्या बाजूने दुखतो आणि ज्यांचे पाय गुडघ्यातून बाहेर बाकलेले आहेत, असे हे रुग्ण. त्यांच्यासाठी गुडघा न बदलता तो वाचविणारी अस्थिछेदनाची शस्त्रक्रिया, म्हणजेच ऑस्टिओटॉमी, उपलब्ध आहे. मात्र तिचा काळ मर्यादित असतो, आणि तो काळ ओळखण्याची जबाबदारी रुग्ण प्रथम पाहणाऱ्या वैद्याची आहे.

खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेषा ओढली, तर सरळ पायात ती गुडघ्याच्या जवळजवळ मध्यातून जाते. बाकलेल्या पायात हीच रेषा आतल्या बाजूला सरकते आणि शरीराचा भार आतल्या अर्ध्या भागावर एकवटतो. तेथील कूर्चा झिजते, झिजेमुळे बाक वाढतो आणि बाकामुळे झीज वाढते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा बाक असलेल्या गुडघ्यांमध्ये आतल्या बाजूचा विकार अठरा महिन्यांत वाढण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली. आस वाकलेल्या गाडीच्या चाकाची एकच कड झिजते. वंगण कितीही घातले तरी आस सरळ केल्याखेरीज ती झीज थांबत नाही. स्नेहनाने वाताचे शमन होते, वेदना कमी होते. हाडाचा बाक मात्र तसाच राहतो.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेच्या अध्यायात, वाकडे जुळलेले कांडभग्न पुन्हा मोडून सरळ बसवावे आणि नंतर भग्नाप्रमाणेच उपचार करावेत, असा विधी सांगितला आहे. आजची शस्त्रक्रिया सुश्रुतांना ठाऊक होती, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु विषम अस्थी सम केल्याशिवाय अवयवाचे कार्य सुधारत नाही, हे तत्त्व तेथे निःसंदिग्धपणे मांडलेले आहे. चरकांनीही शस्त्रसाध्य अवस्थेत धान्वंतर संप्रदायाचा अधिकार मोकळेपणाने मान्य केला आहे.

या शस्त्रक्रियेचे यश बरेचसे पूर्वनियोजनावर अवलंबून असते. रुग्णाला दोन्ही पायांवर उभे करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा संपूर्ण एक्स-रे काढतात. बाक नडगीच्या हाडात आहे की मांडीच्या, हे त्यावर मोजून ठरवितात. कारण चुकीच्या हाडावर छेद घेतल्यास पाय सरळ दिसला तरी सांध्याची पातळी तिरकी होते. मग भाररेषा कोठे न्यायची ते निश्चित करतात. नडगीच्या वरच्या पृष्ठभागाची रुंदी आतल्या कडेपासून मोजली, तर सुमारे ६२ टक्क्यांवरील बिंदू हे अनेक वर्षे प्रचलित असलेले लक्ष्य होय. त्यास फुजिसावा बिंदू म्हणतात. अलीकडे रुग्णागणिक त्यात फरक केला जातो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत नडगीच्या हाडाला गुडघ्याखाली, आतल्या बाजूने तिरका छेद घेतात. बाहेरची सुमारे एक सेंटिमीटर कड बिजागरीसारखी अखंड ठेवतात, ठरलेल्या कोनाइतकी फट हळूहळू उघडतात आणि प्लेट व स्क्रूंनी हाड स्थिर करतात. बिजागरीची कड तुटणे, हाड उशिरा जुळणे, जंतुसंसर्ग हे यातील धोके आहेत. अस्थिसंधान होण्यास साधारणपणे तीन महिने किंवा अधिक काळ लागतो.

ही शस्त्रक्रिया सर्वांसाठी नाही. आमवात, संपूर्ण सांध्यात पसरलेली झीज, गुडघ्याचा मोठा आखडलेपणा यांत ती उपयोगी पडत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत हाड जुळण्यास विलंब होतो. शिवाय तिचा लाभ आजन्म टिकेलच असे नाही. काहींना पुढे सांधेरोपण करावे लागते. तरीही बेचाळिसाव्या वर्षी कृत्रिम सांधा बसविला, तर तो हयातीत पुन्हा बदलावा लागण्याचा संभव बराच असतो. त्या वयात स्वतःचा गुडघा दहा-पंधरा वर्षे अधिक चालणे, शेतात किंवा कारखान्यात उभे राहता येणे, हा लहान लाभ नव्हे.

म्हणून आमचे वैद्यबंधूंना सांगणे असे, की प्रत्येक गुडघ्याच्या रुग्णाला उभे करून पाहावे. घोटे जुळविल्यावर दोन गुडघ्यांत अंतर राहते काय, रुग्ण वेदनेचे स्थान एका बोटाने आतल्या बाजूस दाखवितो काय, हे दोन प्रश्न दोन मिनिटांत सुटतात. झोपून काढलेल्या एक्स-रेवर विसंबू नये. वय कमी, बाक स्पष्ट आणि तीन-चार महिन्यांच्या शास्त्रोक्त चिकित्सेनंतरही काम करणे अवघड जात असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे. रुग्ण हातचा जाईल ही भीती अनाठायी आहे. वजन, आहार, अग्नी आणि अस्थिधातूचे पोषण यांसाठी तो शस्त्रक्रियेनंतरही आपल्याकडेच येणार आहे.

त्या काळात दोन पथ्ये वैद्यांनीही पाळावीत. रुग्णाला चालू असलेल्या सर्व कल्पांची यादी शस्त्रक्रियेपूर्वी शल्यचिकित्सकांना द्यावी. तसेच शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखत असेल, तर तेथे मर्दन मुळीच करू नये. शिरेत गुठळी झाली असल्यास मर्दनाने ती फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्या मित्रांनाही विनंती, की तोच तरुण ग्राहक महिन्यामागून महिना वेदनाशामक गोळ्या व तेल नेत असेल, तर त्याला एकदा तपासणीचा सल्ला द्यावा. एका बाटलीची विक्री कमी झाली तरी चालेल. कमावत्या माणसाचा गुडघा मात्र उशीर झाल्यावर परत मिळत नाही.