पंचनाम्यात आमचं नाव कुठाय?

‘निसर्ग कोपला’ असं लिहिणाऱ्या पांढरपेशा कवींना माझा सरळ सवाल आहे : कोपला तो कुणावर? आभाळाला जात नसते, कबूल. पण तेच पाणी जमिनीवर टेकलं की त्याला सातबारा चिकटतो.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात राबणारा माणूस. शाळा अर्धी सुटली, पुढचं मिळेल त्या कागदावर वाचलं. माझं गाव मराठवाड्यात. आमच्याकडं झड लागायची, आठ-आठ दिवस रिपरिप. आता पाऊस महिना-महिना दडी मारतो आणि चार दिवसांत सगळा हिशेब चुकता करतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपीट. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि सिंदफणा काठची माती खरवडून घेऊन गेल्या. शास्त्रज्ञ सांगतात, धरणी तापली. तापलेली हवा जास्त वाफ धरते, म्हणून सोडते तेव्हा एकदम सोडते. पटतं. पण ज्या धुरानं ती तापली तो काय आमच्या चुलीचा नव्हता.

पूर ओसरला की तलाठी येतो. सातबारा आण, फार्मर आयडी आण. माझ्या आज्यानं गायरानातले दोन एकर दगड वेचून रान केले, आज बाप कसतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची आमच्यासारख्यांची गायरानं नावावर करायचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. आजा त्याच्या किती आधीपासून कसत होता! कागद अजून फिरतोय. बापाचं सोयाबीन कुजलं, बांधापलीकडचंही कुजलं. पलीकडच्याचं नुकसान झालं. बापाचं ‘अतिक्रमण’ निघालं. ना विमा, ना मदत, ना वर्षाचे ते सहा हजार.

बटईनं करणाऱ्याचं काय? पैसा मालकाच्या खात्यात. आणि माझी माय? तिची खुरपणी बुडाली, वेचणी बुडाली, दोन महिन्यांचा रोज पाण्यात गेला. तिच्यासाठी पंचनाम्यात रकानाच नाय.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतीवर निबंध लिहिला. शेत पुरेसं की अपुरं हे नुसत्या एकरावर ठरत नाही, ते कसायला भांडवल-अवजारं किती यावर ठरतं, असं त्यांनी तेव्हाच मांडलं. आज बघा : एका मापाचे दोन तुकडे. एकाला विहीर, बोअर, विमा. दुसऱ्याला वर नुसतं आभाळ. तेच आभाळ बिघडल्यावर आधी कोण मरणार, ते सांगायला परिसंवाद कशाला पाहिजे?

आणि पोटाचं? पावसाचा भरवसा गेला, ज्वारी गेली, रोकड पैशाच्या आशेनं सोयाबीन आलं. सोयाबीनची भाकरी होत नाय. ते तेलाच्या मिलला जातं. ७२ च्या दुष्काळात आमच्या म्हाताऱ्यांनी परदेशचा लाल मिलो गिळला. आता रेशनचे माणशी पाच किलो. ज्वारी पिकवणारा बाप ज्वारी विकत आणतो, तीही गाठीला पैसे असले तर. खाली हे असं, आणि वर धरणाच्या पाण्यावर उसाचे फड हिरवेगार. तिथं आमचे लोक जातात ते कोयता घेऊन.

‘बळीराजा, बळीराजा’ म्हणून गळा काढू नका. जोतीरावांनी ज्याला आपला म्हटलं, त्या बळीला तुम्ही खातेदार करून ठेवलाय. कसणारा बाहेरच उभा.

१९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांनी तुरुंग भरले. पडीक जमीन भूमिहीनाला द्या, एवढंच मागितलं होतं. ती मागणी जुनी झाली म्हणणाऱ्यांनी पुराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीत यावं.

आमचं मागणं तीन ओळींचं. पंचनामा कसणाऱ्याच्या नावानं करा. गायरान नवरा-बायको दोघांच्या नावावर चढवा. बुडालेला रोज नुकसानीत धरा.

हे होत नाही तोवर ‘हवामानाचे बळी’ म्हणून आमचे फोटो छापू नका. आधी शेतकरी म्हणून मोजा. मोजत नसाल, तर तहसील कचेरी काय लांब नाय, आम्ही येतो.

जय भीम.