खाज किरकोळ नसते, साहेब

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी यांस,

‘गरोदर मातांना खाज सुटणे ही सर्वसाधारण बाब असून कॅलामाइन लोशन पुरेसे आहे,’ हे आपले उत्तर पोचले. आभारी आहे. उपकेंद्रातले लोशन पावसाळ्यातच संपले, हेही कळवले असते तर उत्तर पूर्ण झाले असते.

मी आशा आहे, डॉक्टर नाही. तरी पोटावरच्या ताणाच्या रेषांत उठणारे, बेंबी सोडून पसरणारे लाल पुरळ मला ओळखता येते. बाई हैराण होते, पण बाळाला धोका नसतो. त्यासाठी मी अर्ज केलाच नव्हता. अर्ज होता शेवटच्या तीन महिन्यांत, अंगावर पुरळ नसताना, तळहात-तळपायांना सुटणाऱ्या खाजेचा. बाई रात्ररात्र झोपत नाही, खाजवून रक्त काढते. सासू म्हणते, बाळाला जावळ दाट असणार. उपकेंद्रात म्हणतात, घामोळे. यकृतातले पित्त अडून बाइल अॅसिड रक्तात साठत असेल, असे कोणी म्हणत नाही. म्हणणार कसे? ती तपासणी आपल्या यादीतच नाही.

आपल्याला आकडे आवडतात, दरमहा आमच्याकडून मागवता. मग हे घ्या. 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने अशा बायकांच्या नोंदी एकत्र करून छापल्या. बाइल अॅसिड लिटरमागे 40 मायक्रोमोलच्या आत, तिथे 2,310 पैकी 3 बाळे पोटातच गेली. 40 ते 99, तिथे 1,412 पैकी 4. आणि 100 किंवा त्यावर, तिथे 524 पैकी 18! पहिल्या दोन गटांतल्या बाईला धीर देता येतो. तिसऱ्या गटातलीला ब्रिटनमध्ये 35-36 व्या आठवड्यात बाळंत करण्याचा विचार होतो. आपल्याकडे तिला खोबरेल तेल मिळते. कोण कुठल्या गटात, हे खाजेच्या जोरावरून ठरत नाही, रक्तावरूनच ठरते.

दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांच्या तपासणी शिबिरात रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी बघतातच. तेव्हाच ‘हातापायांचे तळवे खाजतात का?’ एवढे विचारायला कोणते अनुदान लागते? हो म्हणणारीचे रक्त जिल्हा रुग्णालयात पाठवा. रिपोर्ट चांगला येऊनही खाज राहिली, तर पुन्हा पाठवा. माहिती नव्हती असे आता म्हणता येणार नाही, माझे अर्ज आपल्या आवक-जावक वहीत आहेत.

पुढच्या 9 तारखेआधी लेखी आदेश काढा.

– एक आशा स्वयंसेविका