'परमवीर चक्र' पुन्हा पाहताना

आमच्या थोरल्याने परवा मोबाईलवर एक जुनी मालिका लावून दिली. 'परमवीर चक्र'. १९८८ साली दूरदर्शनवर लागायची. वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. चेतन आनंद यांनी ती काढली होती. १९६२ च्या चीन युद्धावर 'हकीकत' हा सिनेमा काढणारे तेच. त्या वेळी आम्ही प्राथमिक शाळेत होतो. चौसाळ्यात आमच्या वस्तीत एकच टीव्ही होता, तोही काळा-पांढरा आणि लाकडी दारांचा. अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या. एक पोरगं पत्र्यावर चढून ओरडायचं, "आलं का?" आणि खालून तीस-चाळीस जण एकदम सांगायचे, "आलं, आलं!"

या मालिकेतला अब्दुल हमीदचा भाग आम्हाला अजून पाठ आहे. नसीरुद्दीन शाह यांनी ते काम केले होते. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातला हा शिंप्याचा मुलगा. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या आघाडीवर जीपवरच्या तोफेने पाकिस्तानचे रणगाडे फोडत गेला आणि तिथेच शहीद झाला. आपल्यासारख्याच गरीब घरातला माणूस एवढा मोठा होतो, हे पाहून वस्तीतल्या बायाबापड्यांच्या डोळ्यांना पाणी यायचे. टाळ्या पडायच्या.

त्या टाळ्यांतून एक माणूस उठून बाहेर गेला होता. ते आमचे मामा. सख्खे नव्हते, पण वस्तीत सगळे त्यांना मामाच म्हणत. महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते आणि लंकेतून सुट्टीवर आले होते. कुणीतरी विचारले, "मामा, बघत नाही का?" ते ओट्यावर बिडी पेटवीत म्हणाले, "तिथं रणगाडा दिसतो बाबा. आमाला कोण दिसायचं?"

आम्हा पोरांना तेव्हा काही उमगले नाही. पुढे बीडला बी.कॉम. करीत असताना शनिवारी घरी आलो की मामांजवळ बसायचो, तेव्हा थोडे थोडे कळत गेले.

तो इतिहास थोडक्यात असा. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला. तमिळांना न्याय मिळावा, वाघांनी शस्त्रे खाली ठेवावीत आणि हे सुरळीत व्हावे म्हणून भारताची शांतिसेना तिकडे गेली. ऑक्टोबर उजाडला तोवर त्याच शांतिसेनेची वाघांशी लढाई जुंपली. तिचे नाव 'ऑपरेशन पवन'. त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल सुंदरजी हे मूळचे महार रेजिमेंटचेच अधिकारी.

ज्या तमिळांना वाचवायला गेलो, त्यांच्याच गल्लीतून गोळी येऊ लागली. रस्त्यात सुरुंग, वाघांच्या हातात एके ४७ आणि आपल्या जवानांकडे जुनी एसएलआर. मामा म्हणायचे, "भाषा कळंना. म्हातारी हात जोडून काय म्हणती, पानी मागती का शिव्या देती, समजंना." एकदा त्यांनी आम्हालाच विचारले, "आम्ही वाचवायला गेलतो का मारायला, सांग बरं तू, शिकलेला हायेस." आम्हाला उत्तर देता आले नाही.

आणि ते सोपे नव्हतेच. २१ ऑक्टोबर १९८७ ला जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळ्यांनी रोगी, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या. आतून वाघांनी गोळीबार केला, असे लष्कराचे म्हणणे. वाचलेल्यांचे म्हणणे वेगळे. आपल्या पलटणीचा अभिमान बाळगताना हेही लपवू नये, असे आमचे मत आहे.

अभिमानाची गोष्ट तर आहेच. महार रेजिमेंटचे एकमेव परमवीर चक्र याच लढाईतले आहे. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन. मुंबईत जन्मलेले, शीवच्या महाविद्यालयात शिकलेले, तमिळ कुटुंबातले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री झडती घेऊन परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी मागून वळसा घातला. छातीत गोळी लागली, तरी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारले आणि शेवटपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. ज्या पलटणीसाठी बाबासाहेबांनी खटपट केली, जी १९४१ साली बेळगावला उभी राहिली, तिचे हे परमवीर चक्र एका तमिळ माणसाने तमिळ मुलखात मिळवले.

सुमारे बाराशे जवान तिकडे गेले ते परत आले नाहीत. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. शांतिसेनेने तमिळांवर अत्याचार केले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या जागी राहून पाहिले तर तेही समजते. पण आमच्या जिल्ह्यातले पोरगे ऊसतोडीचा कोयता चुकवायला पलटणीत जाते. करार कुणी केला, कुणाशी केला, हे त्याला कोण विचारतो? पुढे २००८ साली या जवानांचे स्मारक झाले ते कोलंबोजवळ, आणि बांधले श्रीलंकेने.

मामांचे एक कागदाचे काम आम्हीच केले होते. कारकुनी करीत असल्याने वस्तीतले अर्ज आमच्याकडेच येतात. कुठल्या युद्धात भाग घेतला, या रकान्यात आम्ही 'श्रीलंका, १९८७-८९' असे लिहिले. खिडकीपलीकडचा गृहस्थ म्हणाला, "तिकडे कधी युद्ध झालं?" मामा काही बोलले नाहीत. बाहेर येऊन म्हणाले, "त्याचं बराबर हाय. झालंच न्हाई म्हनं."

परवा मालिका पुन्हा पाहिली. काम चांगले आहे, नसीरुद्दीन तर अजूनही अंगावर काटा आणतात. पण एक गोष्ट लहानपणी लक्षात आली नव्हती. त्यात शत्रू कायम समोरून येतो आणि प्रत्येकाला आपण कशासाठी लढतो आहोत हे पक्के ठाऊक असते. ज्या वर्षी आपण हे बघून टाळ्या पिटत होतो, त्याच वर्षी जाफन्यात आपली पोरे होती. त्यांच्यावर कुणी मालिका काढल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. 'मद्रास कॅफे' २०१३ मध्ये आला, पण तो गुप्तहेराचा. राशन खाणाऱ्या, चिखलात झोपणाऱ्या जवानाचा नव्हे.

मामा जाऊन सहा वर्षे झाली. मामी शेजारीच असतात. मोबाईलचा आवाज ऐकून आल्या, उंबऱ्यात बसून अर्धा भाग पाहिला आणि विचारले, "ह्यात लंका कवा येती?"

आम्ही म्हणालो, आपण पाहिलेल्या भागांत तरी नाही.

"मंग बंद कर," मामी म्हणाल्या, "लेकरं झोपलीत."