टेलिकन्व्हर्टर घ्यायचाय? आधी प्रकाशाचा हिशेब करा

देवळी तालुक्यातल्या नाचणगावपासून वर्धा नदीचा काठ जवळ आहे आणि २०१४ मध्ये जाहीर झालेला बोर व्याघ्र प्रकल्पही याच जिल्ह्यात आहे. पक्षी टिपण्याची हौस असलेल्यांना इथे विषयांची वानवा नाही. वानवा असते ती लांब पल्ल्याच्या लेन्सची. मग स्वस्त उपाय म्हणून टेलिकन्व्हर्टरचं नाव पुढे येतं. तो घ्यावा का?

तो करतो काय?

कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारं हे छोटं भिंग प्रतिमा मोठी करतं. १.४ पट कन्व्हर्टर लावला की प्रकाश निम्मा होतो, २ पट लावला की पाव. निकॉनची ३०० मिमी एफ/४ पीएफ लेन्स जेमतेम पाऊण किलोची आहे. १.४ पट कन्व्हर्टरने ती ४२० मिमी एफ/५.६ होते, २ पटने ६०० मिमी एफ/८. म्हणजे पहाटे आयएसओ ८०० वर मिळणारा फोटो तेवढ्याच शटर वेगासाठी अनुक्रमे १६०० आणि ३२०० मागतो.

अडचण कुठे येते?

हलक्या लेन्सचं वजन बऱ्याचदा छिद्र लहान ठेवून वाचवलेलं असतं. कॅननची ६०० मिमी एफ/११ लेन्स ९३० ग्रॅमची आहे. तिला २ पट कन्व्हर्टर लावला तर १२०० मिमी मिळतात, पण एफ/२२ वर. तिथे विवर्तनामुळे बारकावे पुसट होतात. अनेक डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ किंवा एफ/८ च्या पुढे चालत नाही. मिररलेस कॅमेरे इथे सरस ठरतात. शिवाय स्वस्त ७०-३०० झूमवर बहुतेक कंपन्यांचे स्वतःचे कन्व्हर्टर बसतच नाहीत. खरेदीआधी सुसंगत लेन्सची यादी पाहाच.

आणखी एक गोष्ट विदर्भातल्या उन्हाची. मे महिन्यात दुपारी तापलेल्या शेतावर हवा थरथरते. कन्व्हर्टर पक्ष्यासोबत ही थरथरही मोठी करतो.

मग काय करावं?

आमचं मत स्पष्ट आहे: लेन्स एफ/४ किंवा एफ/५.६ ची असेल तर १.४ पट घ्या, २ पटच्या मोहात पडू नका. लेन्स एफ/८ किंवा त्याहून मंद असेल, तर पैसे वाचवा आणि फोटो क्रॉप करा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून १.४ पट क्रॉप केल्यावरही १२ मेगापिक्सेल उरतात. मोबाइलवर पाहायला आणि लहान प्रिंटला तेवढे पुरतात.

मात्र कन्व्हर्टरच्या बाजूने एक मुद्दा भक्कम आहे, तो म्हणजे अंतर. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या ‘शिकारी’च्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. घरट्याकडे दहा पावलं पुढे सरकण्यापेक्षा थोडा दाणेदार फोटो केव्हाही चांगला. फोटो पुन्हा मिळेल, सोडून दिलेलं घरटं पुन्हा भरेलच असं नाही.